सर गिल्बर्ट वॉकर : ऋतुमानाचा संशयी गणिती

दिल्लीच्या नैर्ऋत्येस, सफदरजंग आणि पालम या दोन वेधशाळांच्या दरम्यान, मुनिरका हे जुने गाव वसलेले आहे. गावाची शेतजमीन स्वातंत्र्यानंतरच्या काळात सरकारी वसाहतींसाठी आणि विद्यापीठासाठी संपादित झाली, आणि उरले ते अरुंद गल्ल्यांत दाटीवाटीने उभे राहिलेले मजल्यांवर मजले. मे-जूनच्या उन्हाळ्यात अशा वस्तीत पावसाची वाट पाहताना जे संभाषण होते ते भारतात इतरत्रही होतच असते. एकजण म्हणतो की झाडे गेली, शेते गेली, म्हणून पाऊस फिरला. दुसरा म्हणतो की दुष्काळ आणि अतिवृष्टी पूर्वीही होत्या, हे निसर्गाचे चक्र आहे, माणसाचा त्यात काही हात नाही. २०२४ च्या मे महिन्यात दिल्लीतील मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमान दाखविले. पुढे तपासणीत त्या यंत्रात सुमारे ३ अंशांची चूक असल्याचे आढळले. त्याच वर्षी २८ जून रोजी सफदरजंगला २४ तासांत २२८.१ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्या मापनात काही चूक नव्हती. पहिल्या घटनेने संशय घेणाऱ्यांना बळ मिळाले, दुसरीने भय बाळगणाऱ्यांना.

हा वाद नवा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तो हिंदुस्थान सरकारच्या दफ्तरात अत्यंत गंभीरपणे मांडला गेला होता. ऋतुमान बदलले आहे काय, आणि बदलले असल्यास त्याचे कारण मनुष्य की निसर्ग, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे मागण्यात आले तो गृहस्थ हवामानशास्त्रज्ञ म्हणून नव्हे, तर गणिती म्हणून वाढलेला होता. त्याचे नाव गिल्बर्ट टॉमस वॉकर.

वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात रॉचडेल या गिरणगावी झाला. वडील नगरपालिकेचे अभियंते होते. मुलाचे शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत आणि नंतर केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात झाले. १८८९ मध्ये गणिताच्या परीक्षेत ते सीनियर रँग्लर झाले, म्हणजे त्या वर्षीच्या गणिती विद्यार्थ्यांत पहिले आले. दोन वर्षांनी महाविद्यालयाने त्यांना फेलो केले. याच सुमारास अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली आणि काही हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले. तेथे ते बर्फावरील स्केटिंगमध्ये तरबेज झाले. फिरकी घेणाऱ्या, उडणाऱ्या, तरंगणाऱ्या वस्तूंचे त्यांना विलक्षण वेड होते. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे बूमरँग फेकण्यात ते वाकबगार होते, आणि १८९७ मध्ये त्याच्या गतीचे गणित त्यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. मित्रमंडळींत त्यांना बूमरँग वॉकर हेच नाव पडले. बासरीच्या रचनेत त्यांनी सुधारणा सुचविल्या, आणि पुढे पक्षी पंख न हलविता आकाशात कसे तरंगतात याचाही अभ्यास केला. अशा मनुष्याला १९०४ च्या जानेवारीत हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुखपद मिळाले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्वही दिले.

या नेमणुकीमागे एक मोठी शोकांतिका होती. हिंदुस्थानचे हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळाने दख्खन आणि मद्रास इलाखा होरपळून निघाला. पावसाचे भाकीत करता आले पाहिजे, ही निकड त्या दुष्काळाने निर्माण केली. हिमालयावर वसंत ऋतूत बर्फ अधिक पडले तर पुढील पावसाळा कमी होतो, असे ब्लॅनफर्ड यांनी मांडले आणि त्यावर अंदाज देण्यास आरंभ केला. त्यांच्या मागून आलेल्या जॉन इलियट यांनी अंदाजाची घटकसामग्री वाढविली. परंतु १८९९ मध्ये इलियट यांचा अंदाज साफ चुकला. चांगल्या पावसाची अपेक्षा असता पाऊस आलाच नाही, आणि दिल्लीच्या पश्चिमेकडील मुलखात, राजपुतान्यात, गुजरातेत व दख्खनमध्ये माणसे व गुरे मोठ्या संख्येने मेली. विक्रम संवत १९५६ चा तो छप्पनचा दुष्काळ लोकस्मृतीत अद्यापि आहे. चुकलेल्या अंदाजाची किंमत मनुष्याच्या प्राणांनी मोजावी लागते, हे ज्या खात्याने अनुभवले होते त्याची सूत्रे वॉकर यांच्या हाती आली.

त्यांच्यापुढे दोन मते उभी होती, आणि दोहोंनाही मोठा इतिहास होता.

पहिले मत असे की मनुष्याने जंगले तोडल्यामुळे पाऊस घटतो. पश्चिम हिंदुस्थानात या मताचे एक आद्य पुरस्कर्ते म्हणजे पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक असलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन होत. कोकणातील झाडी गेल्याने ओढे आटले, असे त्यांचे निरीक्षण होते. या मताचे व्यावहारिक परिणाम फार दूरवर गेले. वनरक्षणाच्या सरकारी धोरणाला या विचाराचे पाठबळ मिळाले, आणि १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव करण्याचे व्यापक अधिकार सरकारकडे आले. ज्या शेतकऱ्यांची गायराने आणि लाकूडफाटा त्यामुळे हिरावला गेला त्यांचे गाऱ्हाणे जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये सिद्ध केलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात आवेशाने मांडले आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला की सरकारला वनविषयक चौकशी आयोग नेमावा लागला. खुद्द ब्लॅनफर्ड यांनी मध्यप्रांतातील राखीव जंगलांच्या वाढीबरोबर तेथील पाऊस वाढल्याचे प्रतिपादन १८८७ मध्ये केले होते. म्हणजे जंगल आणि पाऊस यांचे नाते हा केवळ विद्वानांचा विषय नव्हता; कोणाच्या गाईने कोठे चरावे याचा निर्णय त्यावर अवलंबून होता.

दुसरे मत असे की सारे सूत्र सूर्याच्या हाती आहे. सूर्यावरील डागांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या आवर्तनाने कमीअधिक होते, आणि त्याच आवर्तनाने पाऊस व दुष्काळ येतात, असे विल्यम हंटर आणि नॉर्मन लॉकियर यांनी १८७७ मध्ये मद्रासच्या पर्जन्यनोंदींच्या आधारे मांडले. हे मत विलक्षण लोकप्रिय झाले. त्यात एक मानसिक सोयही होती. दुष्काळ आकाशस्थ नियमाने येत असेल तर सारावसुली, धान्याची निर्यात आणि मदतकार्यातील कुचराई यांचा जाब राज्यकर्त्यांना विचारण्याची निकड उरत नाही.

या दोन्ही मतांकडे वॉकर यांनी सारख्याच थंडपणे पाहिले. एखादे कारण मनाला पटते म्हणून ते खरे मानण्यास त्यांचा स्वभाव तयार नव्हता. वायुभार, तापमान, पाऊस, हिम यांच्या जगभरच्या नोंदी सिमल्याच्या कचेरीत गोळा करून, कोणत्या दोन गोष्टी बरोबरीने चढतात-उतरतात हे कार्ल पिअर्सन यांच्या सहसंबंध गुणांकाच्या साहाय्याने पाहावयाचे, असा मार्ग त्यांनी पत्करला. गणकयंत्रे नसलेल्या त्या काळात ही आकडेमोड हिंदी कारकुनांनी हाताने केली. मॉरिशसचा वायुभार, दक्षिण अमेरिकेतील वायुभार, झांजिबारचा पाऊस आणि हिमालयातील बर्फ अशा दूरदूरच्या गोष्टी हिंदुस्थानातील पावसाशी जोडणारे त्यांचे सूत्र १९०९ मध्ये सिद्ध झाले.

१९१० मध्ये हवामान खात्याच्या स्मरणिकांच्या २१ व्या खंडात वॉकर यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानच्या ऋतुमानात झाल्याचे समजले जाणारे बदल आणि त्यांविषयीचा पुरावा हाच त्याचा विषय होता. १८९५ नंतर देशाच्या मोठ्या भागात, विशेषतः वायव्येस, पाऊस वर्षामागून वर्षे कमी पडला होता. त्यावरून ऋतुमान कायमचे पालटले, आणि त्याला मनुष्याची कृती कारण झाली, अशी समजूत पसरली होती. वॉकर यांनी उपलब्ध नोंदी तपासल्या आणि कायमच्या बदलाचा समाधानकारक पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. ओली वर्षे आणि कोरडी वर्षे यांचे गट निसर्गातच पडतात. अशा एका कोरड्या गटावरून कायमचा पालट सिद्ध होत नाही. त्यांचे म्हणणे मुख्यतः एवढेच होते.

हा निष्कर्ष वाचताना एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवला पाहिजे. पुरावा मिळाला नाही, हे विधान एक. आणि कारणच अस्तित्वात नाही, हे विधान दुसरे. वॉकर यांच्या हाती काही दशकांच्या, मर्यादित केंद्रांच्या नोंदी होत्या. त्यांवरून पहिले विधान करणे न्याय्य होते. त्यांच्या नावाने दुसरे विधान करणे न्याय्य होणार नाही.

सूर्याच्या बाबतीतही त्यांनी हीच कसोटी लावली. १९१५ मध्ये सौरडागांचा पाऊस, तापमान आणि वायुभार यांच्याशी असलेला संबंध त्यांनी तीन निबंधांत तपासला. संबंध आढळला तो क्षीण होता; त्यावर पावसाचे भाकीत उभारता येण्याजोगे नव्हते. मनुष्याला दोष देणारे मत ज्या तराजूत तोलले त्याच तराजूत सूर्याला दोष देणारे मतही तोलले गेले, आणि दोन्ही हलकी ठरली.

संशयाची तिसरी पायरी सर्वांत अवघड असते, ती स्वतःच्या कामाविषयीच्या संशयाची. १९१४ च्या एका निबंधात वॉकर यांनी असे दाखविले की शेकडो संबंध तपासून त्यांतील सर्वांत मोठा उचलला, तर तो निव्वळ योगायोगानेही मोठा दिसू शकतो. जितक्या अधिक ठिकाणी शोधावे तितकी कसोटी अधिक कडक हवी. हा इशारा इतरांइतकाच त्यांच्या स्वतःच्या सूत्रांनाही लागू होता, आणि तो पुढे खरा ठरला. त्यांनी वापरलेल्यांपैकी कित्येक घटकांचे पावसाशी असलेले नाते नंतरच्या दशकांत सैल झाले. १९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली १६ घटकांचे नवे प्रतिमान हवामान खात्याने स्वीकारले. त्याने अनेक वर्षे साथ दिली, आणि २००२ मध्ये सर्वसाधारण पावसाचा अंदाज असता देशात दुष्काळ पडला. वॉकर यांचा इशारा तेव्हाही ताजाच होता.

वॉकर यांचे सर्वांत टिकाऊ कार्य मात्र या आकडेमोडीतूनच निघाले. १९२३-२४ च्या निबंधांत त्यांनी दाखविले की पॅसिफिक महासागरावर वायुभार चढतो तेव्हा हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि उलट. या झुल्याला त्यांनी दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिक येथील अशीच दोन आंदोलनेही त्यांनी ओळखली. पावसाचे भाकीत हा मूळ हेतू पूर्णपणे साधला नाही. पुढे हवामान खात्याचे प्रमुख झालेल्या चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ मध्ये म्हटल्याप्रमाणे, हिंदुस्थानचा पाऊस आधी सांगता येण्यापेक्षा नंतर इतरत्र काय घडेल ते सांगण्यास अधिक उपयोगी निघाला. तथापि पृथ्वीचे वातावरण एकसंध आहे, पेरूच्या किनाऱ्यावरचा बदल मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या दारी येतो, ही जाणीव वॉकर यांच्या कोष्टकांतून जगाला मिळाली.

मनुष्य म्हणून ते सौम्य आणि गुणग्राही होते. १९१३ च्या फेब्रुवारीत ते मद्रासला गेले असता बंदराच्या कचेरीतील एका कारकुनाच्या गणिताच्या वह्या त्यांना दाखविण्यात आल्या. तो विषय आपल्या अभ्यासक्षेत्राबाहेरचा आहे हे त्यांनी मान्य केले, परंतु कामाची थोरवी त्यांच्या ध्यानात आली आणि त्यांनी मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून त्या तरुणाला आर्थिक साहाय्य देण्याची शिफारस केली. तो तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन. महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती त्यांना मिळाली. स्वतःला जे कळत नाही तेथे थांबावे आणि जाणत्यांचे मत घ्यावे, ही वृत्ती संशयवादी म्हणविणाऱ्यांत नेहमी आढळतेच असे नाही.

१९२४ मध्ये वॉकर निवृत्त झाले. त्यांना सर ही पदवी मिळाली, आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजात १९३४ पर्यंत त्यांनी हवामानशास्त्राचे अध्यापन केले. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरातील त्या दगडी इमारतीला पुणेकर अद्यापि सिमला ऑफिस म्हणतात. १९४४ मध्ये ते मुख्यालय दिल्लीस गेले.

वॉकर यांच्या सिमल्यातील सहकाऱ्यांत जॉर्ज सिंप्सन हे एक होते. १९०६ मध्ये ते हिंदुस्थानच्या खात्यात आले, मध्यंतरी कॅप्टन स्कॉट यांच्याबरोबर दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर गेले, आणि १९२० पासून ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. कोळसा जाळल्याने हवेतील कार्बन डायॉक्साइड वाढतो आणि पृथ्वी तापू शकते, हे गणित स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच केले होते. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या इंग्रज अभियंत्याने रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे असे प्रतिपादन केले की पृथ्वीचे तापमान मागील अर्धशतकात वाढले आहे आणि या वायूचा त्यात वाटा आहे. या चर्चेत सिंप्सन यांनी शंका प्रकट केली. त्या काळी ती शंका अनाठायी नव्हती. वायूचे मापन तुटपुंजे होते, आणि समुद्र त्यातील किती भाग शोषून घेतो हे निश्चित नव्हते.

वॉकर यांचे निधन ४ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, इंग्लंडमधील सरे परगण्यात झाले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ येथे हवेतील कार्बन डायॉक्साइडचे अखंड मापन सुरू केले होते. कॅलेंडर यांच्या प्रतिपादनात ज्याची उणीव होती ती मोजणी तेथे हाती येऊ लागली. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दशलक्ष भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये ते सुमारे ३१५ झाले होते. २०२४ पर्यंत ते ४२० च्या पलीकडे गेले. १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी दक्षिणी आंदोलनाचा एल निनोशी असलेला संबंध उलगडला आणि पॅसिफिकवरील वायुचक्राला वॉकर यांचे नाव दिले.

आज ऋतुबदलाला मनुष्य कारण नाही असे म्हणणारे ज्या दोन आधारांवर उभे राहतात ते दोन्ही वॉकर यांच्या हाताखालून गेलेले आहेत. सूर्य हा त्यांतील एक. उपग्रहांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सूर्याच्या तेजाचे मापन केले आहे; त्यात वाढीचा कल नाही, आणि त्याच काळात पृथ्वी मात्र तापत गेली आहे. निसर्गाची आंदोलने हा दुसरा आधार. परंतु आंदोलन एका बाजूस उष्णता वाढविते तेव्हा दुसऱ्या बाजूस ती कमी करते, आणि वर जाऊन पुन्हा खाली येते. भूमी, समुद्र आणि हिम यांवर दशकानुदशके एकाच दिशेने चाललेली वाढ त्याने समजावून देता येत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या संपादनाखाली २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, आणि १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. तापमानवाढीस हरितगृह वायू मुख्यतः कारण मानले गेले. पावसाच्या घटीत मनुष्यनिर्मित धूलिकणांचा आणि जमिनीच्या वापरातील बदलांचा वाटा असावा, असे मत मांडले गेले. तापमानवाढीविषयी जितके निश्चितपणे बोलता येते तितके पावसाविषयी येत नाही, हेही तेथे नोंदले आहे. २०२१ मध्ये आंतरशासकीय समितीच्या सहाव्या अहवालाने पृथ्वीच्या तापमानवाढीतील मनुष्याचा हात निःसंदिग्ध ठरविला.

१९१० चा निबंध हाती घेऊन आजच्या पुराव्यास नकार देणे म्हणजे वॉकर यांचा निष्कर्ष घेऊन त्यांची पद्धती टाकून देणे होय. त्यांनी संशय घेतला तो मोजण्यासाठी, आणि मोजणीने जे दिले त्याच्या पलीकडे एक पाऊलही टाकले नाही. त्यांच्या नोंदी अपुऱ्या होत्या आणि त्यांचे उत्तर तेवढ्यापुरते होते. शंभर वर्षांच्या अधिक नोंदी आणि पदार्थविज्ञानाने उलगडलेली कारणमीमांसा यांच्यासमोर त्याच कसोटीचे उत्तर निराळे येते. या दोन उत्तरांत विरोध नाही.

मुनिरक्याच्या गल्लीतील दोघेही, या दृष्टीने पाहता, अर्धे बरोबर आहेत. झाडे गेल्याने वस्तीचा ताप वाढतो. दुष्काळ पूर्वीही पडत होते. परंतु दोघांच्या बोलण्यात जे येत नाही ते सफदरजंग आणि पालम येथे रोज नोंदले जात असते. ठरल्या वेळी तापमापकावरील आकडा वाचून वहीत उतरविणारा तेथील कर्मचारी कोणत्याही पक्षाचा नसतो. मुंगेशपूरच्या यंत्रातील चूकही अशाच दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहिल्यानेच उघड झाली. सिमल्याच्या कारकुनांनी हाताने केलेल्या आकडेमोडीची परंपरा ती हीच.